व्यस्त प्रमाण

पाचवीत गुरुजींनी फळ्यावर घातलेलं गणित:
आठ मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात,
तर सोळा मजूर किती दिवसांत?
मी हात वर केला होता. सहा.
एक वाढलं की दुसरं घटतं, गुरुजी म्हणाले,
ह्याला म्हणायचं व्यस्त प्रमाण.

तेच गणित परवा कमिशनर ऑफिसच्या एसीत पुन्हा आलं.

अंबडच्या मागे, भंगाराच्या गोदामांपलीकडे
आमची चौकी. पत्र्याची. एक खिडकी, एक माठ.
गेल्या साली आम्ही दोघंच, मी आणि निकम.
गुन्हे एक्केचाळीस.
यंदा अकरा माणसं, दोन मोटारसायकली, नवं टेबल.
गुन्हे एकशे त्रेसष्ट.
साहेबांनी पेन्सिल आलेखाच्या शेंड्यावर टेकवली:
"गांगुर्डे बाई, माणसं दिली ती कशासाठी?"

काय सांगणार.
पूर्वी झुंबरबाई पगारे यायच्या, दारातून डोकवायच्या.
निकम बंदोबस्ताला, मी समन्स वाटत उन्हात,
बाकड्यावर कुत्रं झोपलेलं.
ओठावरचं रक्त पदरानं टिपून
त्या पहिल्या पाळीला कंपनीत जायच्या.
ते रक्त एक्केचाळिसात नव्हतं.
आता कुणीतरी खुर्ची सरकवतं, पाणी देतं,
विचारतं, नाव काय?
आणि एकदा नाव सांगून झालं
की माणूस नावावर थांबत नाही.
दगू अहिरे तर तीन वर्षांपूर्वी गेलेली सायकल
घंटीच्या आवाजासकट सांगून गेला.

ह्यातलं काही बोलले नाही.
"सुधारणा करू, सर," म्हणाले, सॅल्यूट मारला.

खोटं कशाला, गणित थोडं सुटलंही.
वाईन शॉपच्या कोपऱ्यावर रोज रात्री दोघं उभे राहिले,
महिन्याभरात पोरं पांगली.
कुठं? नाल्यापलीकडे.
नाल्यापलीकडे दुसऱ्या ठाण्याची हद्द.
त्यांचा आलेख त्यांनी बघावा.

मग पर्वणी आली.
नाशकात इतकी खाकी मी जन्मात पाहिली नव्हती.
कुठकुठल्या जिल्ह्यांच्या गाड्या, आणि आम्ही अकराही
रामकुंडावर, हातात दोरी, तोंडात शिट्टी,
बाबा पुढे सरका, आजी थांबू नका.
बुटात पाणी, पायाच्या बोटांत चिखल्या.
चौकीला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला.
त्या महिन्याचा गोषवारा मीच भरला
तपोवनातल्या तंबूत, मोबाईलच्या उजेडात:
घरफोडी निरंक. चोरी निरंक. मारहाण निरंक.
पुढे पुढे तर शब्दही लिहिला नाही,
नुसती आडवी रेघ.
तंबू उठायच्या आत पाकीट आलं.
उल्लेखनीय घट. अभिनंदन.

कुलूप उघडलं तर दार आत सरकेना.
खाली कागद अडकलेले.
वहीचं पान, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा,
पाणीपट्टीच्या पावतीमागं पेन्सिलीनं काही,
एकावर फक्त मोबाईल नंबर, तोही नऊच आकडे.
आणि दुरेघीत बसवलेलं पगारेबाईंच्या पोरीचं अक्षर:
आई आली होती. कुलूप होते. परत येईल.

आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला.
मी रजिस्टर ओढलं.
त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात,
घडल्याची तारीख, दाखल झाल्याची तारीख.
दुसऱ्यात आजची लिहिली.
पहिल्यात पर्वणीची.
निकम अभिनंदनाचं पत्र भिंतीला दाबून धरून उभा होता,
डिंक वाळायची वाट बघत.
"बाई," तो हळूच म्हणाला, "तो महिना तर निरंक गेलाय."
"गेलाय," मी म्हटलं, आणि तारीख गिरवली.

झुंबरबाईंनी डाव्या हातानं सही केली. वेळ लागला.
पेन परत देताना म्हणाल्या,
"उद्या असाल ना इथं?"

ड्युटीचा तक्ता माझ्या पाठीमागं टांगलेला.
मी वळून पाहिलं नाही.